विहिरीत कोणी ढकललं

नवीन जालना
१८ मे २०००

मच्छिंद्रा,

आशीर्वाद लिहिणार होते. मंग वाटलं, तू घेशील का न्हाई ठाऊक न्हाई, उगा कशाला वाया घालवा. तसाच ठेवला हाय.

माय जाऊन दोन महिने झाले. तेराव्याला तू सगळ्यांसमोर म्हणला, मला बहीण न्हाई. मी ऐकलं. पण पोस्टमनला त्यातलं काही माहीत न्हाई, तो पत्र घेतो, म्हणून लिहून राह्यले.

तब्येत बरी हाय. बियाण्याच्या कंपनीत सीझन लागला, पाकिटं भरायला दोन पाळ्या चालू हायेत. घरी येऊन तीनदा हात धुतले तरी औषधाचा गुलाबी रंग नखात राहतो. रडू अजून आलं न्हाई. चुलत्याच्या भुजंगदादाची बेबीनंदावहिनी भेटली की विचारते, "उषाताई, एकदा रडून घ्या की." जसं काही मी डब्यात झाकून ठेवलंय. सगळे म्हणतेत ही बया दगडाची हाय. असंल.

त्या तिसऱ्या दिवसाचं मी काही नाकारत न्हाई. निरोप तुला उशिरा भेटला, तू वापीला फिटिंगच्या कामावर होता. मार्चचं ऊन, माणसं म्हणली ठेवू नका, भुजंगदादानं अग्नी दिला. तू सुरतेहून बॅग घेऊन दारात आला तेव्हा पुरुषमाणसं राख सावडायला नदीवर गेल्ती, बाया मागं नळावर होत्या. कोपऱ्यात मायच्या जागेवर दिवा जळत होता, दिव्यापाशी टोपल्याखाली पीठ पसरलेलं. अन् सुतकात मी टीव्हीवरची चादर काढून समोर बसलेली, भुताची सिरियल लावून, मोठ्यानं बोलत. तू वायर उपटली. जे पाह्यलं ते बराबर पाह्यलं.

तो टीव्ही, तूच पाठवलेला, तेव्हापासून चादरीखाली हाय. सुतक फिटलं तरी मी चादर काढली न्हाई. खालच्या प्रभावतीबाईंकडं जाऊन बसते. त्या शाळेतून रिटायर झाल्या, एकट्या असतेत, त्यांना बी बरं वाटतं. त्या राजा-राक्षसाची मालिका पाहतेत. राक्षसाचं डावं शिंग ढिलं हाय, मान वळवली की शिंग मागून येतं. मी म्हणलं तर बाई म्हणतेत, "उषा, शिंगाकडं नको पाहू, गोष्टीकडं पाहा."

गोष्ट अशी हाय की जादूगारानं राजकन्येचा पाषाण केला. म्हणजे त्या नटीला पांढरा रंग फासला अन् हलू नको म्हणून सांगितलं. सहा भाग झाले, उभीच हाय. प्रभावतीबाईंना तिची लई दया येते. मला येत न्हाई. नुसतं उभं राह्यचं, कोणी काही विचारत न्हाई, काय वाईट हाय त्यात?

जेवत जा.

उषा


नवीन जालना
९ जुलै २०००, रविवार

मच्छिंद्रा,

उत्तर आलं न्हाई. ठीक हाय. पत्र परत बी आलं न्हाई, म्हणजे कुठंतरी पडलं असंल.

आज दुपारी टीव्हीवरच्या त्या उडणाऱ्या हिरोचा भाग होता. जिन्यातली सगळी पोरं प्रभावतीबाईंच्या घरात, पाय ठेवायला जागा न्हाई. आज त्यानं पडता पूल दोन्ही हातांनी धरला अन् खालून आगगाडी जाऊ दिली. पोरांनी टाळ्या पिटल्या. मला काहीच वाटलं न्हाई. मी त्याच्या पाठीवरचा तो लाल टॉवेल पाहत बसले. माय म्हणायची, "मेल्या, एवढा उडतो तर तो सोगा खोच की कंबरेला, कुठं तारेत अडकला म्हणजे?" अन् त्याच्या डोळ्यांतून आग निघते ना, ते मायला बिलकुल पटलं न्हाई. "डोळ्यात एवढी आग हाय तर गरिबाचा मोतीबिंदू जाळून दे, पूल काय धरून राह्यला? पुलाला सरकार हाय."

तुला माहीत न्हाई, पण मायची खरी आवड ही नव्हतीच. पोरांसंगं पाहायची म्हणून पाहायची. तिला लागायचं भूत. उडणारा तिला नाटकी वाटायचा, राक्षस म्हणजे बहुरूपी. पण भुतावर ती वाद घालायची, म्हणजे भुतावर तिचा भरवसा होता.

विहिरीच्या सिरियलवर तर ती पहिल्या भागापासून खवळलेली. एका घरातली सून परसातल्या विहिरीत पडून मरते अन् मंग घरात फिरते, कोणी ढकललं ते घरच्यांना विचारत. नटीला नेसवलेली पांढरी साडी. माय म्हणली, "हे सिरियलवाले आजवर कोणाच्या मयताला गेले न्हाईत का? सवाष्ण मेली ना ती? नवरा जिता हाय ना? मंग तिला हिरवं लुगडं नेसवून, मळवट भरून, चुडा घालून नेली असंल. मेल्यावर साडी बदलायला कुठं गेल्ती?" मी म्हणलं, माय, पांढरं अंधारात दिसतं म्हणून नेसवतेत. तर म्हणली, "दिसतं म्हणून! अन् खऱ्याचं काय?" तेव्हापासून मी टीव्हीवरचं कोणतंच पांढरं भूत मानलं न्हाई.

गुरुवारी दुपारी एक वाजता तो भाग परत दाखवायचे. माय संध्याकाळी सातलाच झोपायची, म्हणून आमचा दुपारचा. मी कंपनीत सांगून ठेवलं होतं, गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत घरी जाणार म्हणून. सायकल हाणत यायची. चाळीस गुरुवार पाह्यली ती सिरियल आम्ही.

तुला आठवतं का, आपण पहिलं भूत कुठं पाह्यलं? पिंपळगावला, मामाच्या घरी, रेणुकाईच्या यात्रेत. शहाऐंशी साल. भुजंगदादानं जालन्याहून भाड्यानं व्हीसीआर आणला अन् यस्टीच्या टपावर न टाकता मांडीवर धरून आणला. लाइट न्हाई, मंग ट्रॅक्टरची बॅटरी जोडली. भर दुपारी अंधार करायला खिडक्यांत पोती कोंबली. चाळीस माणसं आत, घामाच्या धारा. तू आठ वर्षांचा. भीतीचं म्युझिक वाढलं की माझा हात ओढून डोळ्यांवर ठेवायचा, पण ऐकायचं तर सगळं असायचं. "अक्का, मंग काय झालं?" पिच्चरमध्ये कपाटातून हात निघाला तर मी सांगितलं, मांजर निघालं. मंग काय झालं? मांजर दूध प्यालं. शाळेत जाऊन तू सगळ्यांना सांगितलं की आम्ही मांजराचा पिच्चर पाह्यला. पोरं महिनाभर तुला मांजर म्हणत होती.

मागल्या दिवाळीला तू दीड दिवस आल्ता, तेव्हा माय काळा चष्मा लावून टीव्हीसमोर बसलेली होती. उडणारा आला अन् ती म्हणली, "आला बघ, चड्डी वरून घालून." तू किती हसला. पोट धरून हसला. मी सैपाकघरात गेले तेव्हा.

कामाचं काय? तिकडं पावसाळ्यात कारखान्यात पाणी शिरतं म्हणतेत.

उषा


नवीन जालना
२९ सप्टेंबर २०००

मच्छिंद्रा,

काल घट बसले.

आज लांबण लावत न्हाई. बसून राह्यले तर लिहिणार न्हाई. दोन वर्षं झाली या गोष्टीला.

मायचा डावा डोळा लहानपणी देवीच्या आजारात गेलेला, ते तुला ठाऊक हाय. उजव्यात मोतीबिंदू आला. तू फोनवर म्हणला होता, दिवाळीला येतो, औरंगाबादला चांगल्या डॉक्टरकडं नेऊ, तोवर थांबा. मी थांबले न्हाई. फुकटच्या शिबिरात नेलं. शिबिराला नाव ठेवत न्हाई मी, आपरेशन चांगलं झालं. पट्टी काढली तर मायनं पहिलं माझ्या डोक्याकडं पाह्यलं, म्हणली, "उषे, केस पांढरे झाले की गं तुझे." आठ दिवस तिनं सगळं पाह्यलं. टीव्ही पाह्यला. तेव्हा दुसरी एक भुताची सिरियल लागायची, तिच्यातल्या भुताच्या हातात घड्याळ राह्यलं होतं, ते तिनं पकडलं. मला दिसलं नव्हतं.

डॉक्टर म्हणला होता, महिनाभर डोक्यावरून पाणी घ्यायचं न्हाई.

नवव्या दिवशी घटस्थापना. माय म्हणली, पिंपळगावची लेक मी, रेणुकाईच्या घटाला न न्हाता हात लावू का? मी न्हाई म्हणलं. ती मोरीत जाऊन बसली, म्हणली, तू न्हाई घातलं तर मी घेते. मंग मीच घातलं. दोन तांबे. तिनं डोळा घट्ट मिटला होता, मी वरून फडकं बी धरलं होतं. मला वाटलं, दोन तांब्यांनी काय होतंय?

माळ तिसरी अन् डोळा लाल. पाचवीला पू. औरंगाबादला नेलं तोवर आत काही राह्यलं न्हाई. माय आंधळी झाली, मच्छिंद्रा. त्या साली दिवाळीला तुझं येणं झालंच न्हाई; मागल्या दिवाळीला तू ज्या चष्म्याला हसला त्याच्यामागं काही नव्हतं. चड्डीचं तिला मी सांगून ठेवलं होतं. गाणं वाजलं की तो येतो, हे तिनं कानानं धरलं होतं. दीड दिवस तिनं तुझ्यासमोर निभावलं, चहाचा कप सुद्धा मी कुठं ठेवते ते आवाजावरून ओळखून उचलला.

तिनं माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून शपथ घातली. "मच्छिंद्राला सांगू नको. तो काम सोडून येईल अन् तुझ्या अंगावर जाईल. एकाचे डोळे गेले तेवढे बस झाले." माझ्यासाठी लपवलं तिनं, तिच्यासाठी न्हाई. आता ती गेली म्हणजे शपथ फिटते का तशीच राहते, हे कोणाला विचारू? विचारलं न्हाई, लिहून टाकलं.

तुला राग येईल. येऊ दे. मला कसलाच येत न्हाई, ना राग, ना रडू. काल घटाला पाणी घालताना तांब्या हातात धरून किती वेळ उभी होते कोण जाणे, प्रभावतीबाई आल्या अन् त्यांनी तांब्या काढून घेतला.

ती पाषाणाची राजकन्या सुटली. एका भागात सुटली, गाणं म्हणली, लग्न झालं. मला पटलं न्हाई. इतके महिने उभी राह्यलेली बाई पहिलं खाली बसंल.

उषा


नवीन जालना
२ फेब्रुवारी २००१

मच्छिंद्रा,

तू जिता हाय.

हे मला चार दिवसांनी कळलं. सव्वीस जानेवारीला कंपनीत झेंडावंदन करून आले तर प्रभावतीबाई जिन्यातच उभ्या. म्हणल्या, गुजरातेत भूकंप झाला, सुरतेत बी पडझड हाय. त्यांच्याकडं बातम्या लागेनात, केबलची वायर पोरांनी तोडलेली. मी वर आले अन् टीव्हीवरची चादर ओढून फेकून दिली. दहा महिन्यांची धूळ उडाली. वायर तूच उपटली होती ती मीच लावली.

दिवसभर उठले न्हाई. मोठाल्या इमारती नुसत्या बसल्या होत्या खाली. माणसं हातांनी विटा काढून राह्यली होती. मच्छिंद्रा, मी त्या उडणाऱ्याची वाट पाहत होते. हसू नको. एवढी बेचाळीस वर्षांची बाई, पण खरंच मनात आलं, आता यावा मेला अन् धरावा. पडद्यावर एक-एक तोंड पाह्यलं. निळा शर्ट दिसला की पुढं सरकायची. तुझा फोन लागत न्हाई. सेठचा लागत न्हाई. एसटीडीच्या दुकानात चार दिवस उभी होते. तीस तारखेला सेठनं उचलला अन् म्हणला, मच्छिंद्र ठीक हाय, बुलाऊं क्या? मी म्हणलं, नको. बस एवढंच पाह्यजे होतं. अन् दुकानातच मला रडू आलं. मायच्या वेळचं सगळं तेव्हाच आलं. दुकानवाल्यानं पाणी दिलं, खुर्ची दिली.

आता गुरुवारचं सांगते. भूकंपात तू गेला असता तर ते सांगायचं राहून गेलं असतं.

डोळे गेल्यावर मायनं टीव्ही सोडला न्हाई. म्हणली, माझे गेले तर गेले, तुझे हायेत ना? मंग मी सांगायची. "आता दार उघडलं. आता ती जिन्यावर. आता सासूच्या मागं उभी, सासूला दिसली न्हाई." माय माझ्या मांडीला हात लावून बसायची अन् विचारायची, "मंग काय झालं?" तुला सांगायची तसं मांजर सांगून तिथं भागत नव्हतं, ती आवाजावरून पकडायची. "खरं सांग गं, कुकर लावायला जायचंय म्हणून उरकू नको." चाळीस गुरुवार म्हणले ना तुला, ते सगळे असे.

मार्चच्या सोळा तारखेला त्या सिरियलचा शेवटचा भाग होता. सुनेला विहिरीत कोणी ढकललं ते कळणार होतं. माय तेरा तारखेला तापात बी म्हणून राह्यली होती, "दिराचं काम हाय ते. न्हाईतर सासूचं. नवरा असायला नको पोरी, नवरा असायला नको." मी म्हणलं, गुरुवारी कळंल. म्हणली, "मी नसले तर सांगशील?" तिला वाटलं, थट्टा चाललीय. मला बी तसंच वाटलं. मी म्हणलं, सांगीन की. चौदाला गेली.

दिवा ठेवला तिथं तिचा जीव दहा दिवस असतो म्हणतेत. पीठ त्याच्यासाठीच पसरतेत, पाऊल उमटंल म्हणून. मंग मला सांग, एक वाजला, घरात कोणी न्हाई, दिवा जळून राह्यलाय, अन् मी शब्द दिलेला. मी काय करायला पाह्यजे होतं? सुतक मला बी कळतं रे. मी चादर काढली अन् दिव्याकडं तोंड करून सांगायला लागले. आता सगळे विहिरीपाशी जमले. आता ती वर आली. आता बोट दाखवून राह्यली. एक मोठं बोट आलं पडद्यावर, अन् ते वळायला लागलं, अन् मी म्हणलं, माय, थांब, आता सांगते. तेवढ्यात तू आला.

मला कळलंच न्हाई कोण ते.

ही एवढीच गोष्ट हाय. तुला आल्या आल्या सांगता आली असती. पण तू विचारलं, "माय मेली अन् तू टीव्ही पाहून राह्यली?" त्याचं उत्तर द्यायचं तर डोळ्यांचं सांगावं लागलं असतं, डोळ्यांचं सांगायचं तर दोन तांब्यांचं. तेवढी हिंमत नव्हती. तुझी बहीण नसणं त्यापेक्षा सोपं वाटलं. ते सोपं बिलकुल नव्हतं.

नंतर मी लई जणींना विचारलं. सिरियल परत लागली न्हाई. कंपनीतली वसंताची बायको म्हणते सासूनं ढकललं. भाजीवाली म्हणते दीर. बेबीनंदावहिनी म्हणते कोणी ढकललंच न्हाई, पाय घसरला. मायला असं अर्धवट जाऊन सांगू का? ती ऐकून घेणारी बाई न्हाई.

मार्चच्या तीन तारखेला, शनिवारी, वर्षश्राद्ध हाय. पिंड तुझ्या हातचा लागतो. भुजंगदादा म्हणतो, मच्छिंद्र न्हाई आला तर मी करीन. पण मला ते नको हाय. अग्नी हुकला तो हुकला, हे हुकू नये. माझ्याशी बोलू नको पाह्यजे तर. मी दोन दिवस पिंपळगावला जाऊन राहते. किल्ली प्रभावतीबाईंकडं ठेवीन.

तू ये. मला दुसरं काही मागायचं न्हाई.

उषा


सुरत, उधना
१९-२-२००१

अक्का,

तुझी सगळी पत्रं मिळाली. पहिली तीन फोडली नव्हती, पेटीत होती. भूकंपाच्या दिवशी खोली सोडून पळालो तेव्हा पेटी घेऊन पळालो, त्याच्यात ती बी आली. दोनतीन दिवस रस्त्यावर झोपलो, तरी फोडली न्हाईत. चौथं आल्यावर चारी एकदम वाचली.

तांब्याचं वाचून मी लई वेळ कारखान्यात मशिनखाली पडून राह्यलो. राग आला. खोटं सांगत न्हाई. मंग चष्म्याचं परत वाचलं. मी तिला विचारलं होतं, माय, माझा शर्ट कसा हाय? ती म्हणली, निळा तुला शोभतो. निळाच होता. कोणी सांगितलं होतं तिला? तूच ना.

वायर मी उपटायला नको होती.

सिरियलचं मी शोधून काढलं. सात खोल्या पालथ्या घातल्या, इथं सगळे म्हणतेत, सासूनं ढकललं. मंग वरच्या मजल्यावर एक बनारसवाला हाय, त्याच्या बायकोनं शेवटचे भाग कॅसेटवर भरून ठेवले होते. तिच्याकडं व्हीसीआर न्हाई, कारखान्यातून एकाचा मागून आणला अन् रविवारी दुपारी तिच्या घरात बसून पाह्यला. बोट कोणाकडं वळतं ते पाह्यलं. दोनदा पाह्यलं, चूक नको म्हणून.

ते पत्रात लिहीत न्हाई.

एक तारखेला संध्याकाळी पोचतो. पिंपळगावला बिलकुल जायचं न्हाई, घरीच थांब. श्राद्ध झालं की मायच्या जागेवर दिवा लाव. तिथं बसून मीच सांगीन, पहिल्यापासून, तिला अन् तुला. तू डोळे मिटून बस.

मांजर सांगणार न्हाई.

मच्छिंद्र